नियामक मंडळास खुले पत्र: तास पुण्यात आला आणि बंद झाला

सन्माननीय अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलांच्या डायरीत एक परिपत्रक चिकटवून आलं. सहावी ते आठवीची दर शुक्रवारची ‘जागतिक नागरिकत्व’ ही तासिका या वर्षापासून स्पर्धा परीक्षांच्या सरावासाठी वापरली जाईल. विषयाचं महत्त्व लक्षात घेऊन जानेवारीतला ‘जागतिक दिन’ मात्र नेहमीप्रमाणे साजरा होईल. खाली सही आणि संस्थेचा शिक्का. कारण काहीच दिलेलं नव्हतं. पालकसभेत दोघातिघांनी विचारल्यावर तोंडी तीन कारणं सांगण्यात आली. त्यावर मी आपल्या कार्यालयात अर्ज दिला. पोचपावती मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. शाळेची बदनामी करण्यात मला रस नाही, आणि पुण्यातल्या आणखी चार संस्थांनी हे आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचलं तर बरंच आहे.

मी कोण, ते आधी सांगते. ज्याला चिडवलं गेलं त्या मुलाची मी आई नाही. चिडवणाऱ्याची आहे. आमचे चिरंजीव आता आठवीत आहेत. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मणिपुरी मुलाला ते ‘मोमो’ म्हणत. नाव त्यांनीच शोधून काढलेलं. त्या मुलाचे वडील विमाननगरच्या बाजूला एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतात, तेवढ्या आधारावर ते चिकटलं आणि वर्गभर झालं. हजेरीला त्याचं खरं नाव पुकारलं की मागच्या बाकांवरून खसखस पिकायची. आम्हाला घरी याचा पत्ता नव्हता. शाळेला असला तरी ‘मुलंच ती, चालायचंच’ या खात्यात तो जमा झाला असावा.

हे थांबलं ते शुक्रवारच्या तासामुळे. तास मी स्वतः पाहिलेला नाही, पण मुलाची वही पाहिली आहे आणि रात्रीच्या जेवणाला त्या तासावरच्या गप्पा ऐकल्या आहेत. आपण बंद केलंत ते नेमकं काय होतं, हे मंडळातल्या किती जणांना ठाऊक आहे याची मला शंका आहे. म्हणून जरा तपशिलात सांगते.

पहिल्या तासाला बाईंनी प्रत्येकाला स्वतःचा हात काढून रंगवायला सांगितला. बहुतेकांनी ‘स्किन कलर’ म्हणून जो गुलाबीसर खडू मिळतो तोच उचलला. रंगवून झाल्यावर बाई म्हणाल्या, आता चित्राशेजारी हात ठेवा. एकाचाही जुळेना. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ नावाच्या खडूचं नाव बदलून ‘पीच’ केलं ते १९६२ मध्ये. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात आजही ‘स्किन कलर द्या’ म्हटलं की तोच खडू पुढे येतो. आमच्या घरातली रंगपेटी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती आणि चिरंजीव आजीचा, माझा, बाबांचा हात धरून चॉकलेटी, पिवळा, केशरी यांची मिश्रणं करत बसले होते.

मग मलिक अंबर आला. तो निजामशाहीचा वजीर होता, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेला आणि त्यातून दख्खनचा कारभारी झाला, हे कुणी थांबून सांगत नाही. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि महाराजांचे चुलते शरीफजी तिथे कामी आले. ‘म्हणजे महाराजांचे वडील एका आफ्रिकन माणसाच्या हाताखाली लढले?’ असा प्रश्न वर्गात आला म्हणे. आला, आणि त्यानंतर अंगाने काळ्या पोराला ‘हबशी’ म्हणून हाक मारायची सोय उरली नाही.

१९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता आणि समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती म्हणून आपण खेळायलाच नकार दिला. चषक गेला. बाईंनी वर्गाला विचारलं, तुम्ही कप्तान असतात तर काय केलं असतंत? आमच्याकडे ही चर्चा रविवारपर्यंत चालली, आणि खरं सांगायचं तर क्रिकेटवेड्या घरात ‘खेळायला हवं होतं’ हाच पक्ष आधी जोरात होता.

गांधीजींना १८९३ साली पीटरमॅरिट्झबर्गला गाडीतून उतरवलं, हे कुठल्याही सातवीच्या मुलाला पाठ असतं. त्याच गांधींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या काळ्या लोकांबद्दल हिणकस लिहिलं होतं, घानाच्या विद्यापीठातून त्यांचा पुतळा २०१८ मध्ये त्यावरूनच हलवला गेला, आणि तरीही मंडेला त्यांना गुरुस्थानी मानत राहिले, हे तिन्ही बाईंनी एकाच तासात मुलांपुढे ठेवलं. माझ्या सासऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. नातवाचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. पण सत्तरी ओलांडलेला माणूस आणि बारा वर्षांचा पोरगा एका ऐतिहासिक प्रश्नावर तासभर, मोबाइल बाजूला ठेवून भांडतायत, हे दृश्य मी शाळेची फी भरायला लागल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंचं तारतम्यही सांगायला हवं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन इलियट या शिक्षिकेने निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची मुलं वेगळी काढून एकेका गटाला कमी लेखण्याचा प्रयोग केला होता. तो ऐकल्यावर आपणही करू या म्हणून मुलं मागे लागली. बाईंनी साफ नकार दिला. मुलाला अपमान कळावा म्हणून त्याचा अपमान करायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं.

इथपर्यंत, मंडळी, एकाही पालकाची तक्रार नव्हती. हे वाक्य कृपया पुन्हा वाचावं, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. तास अमेरिकेबद्दल होता, आफ्रिकेबद्दल होता, गांधीजींबद्दल होता, तोवर सगळं गोड चाललं होतं. संस्थेच्या वार्षिक अहवालात या तासाचा फोटो छापून आला होता, ‘जगाशी नाते जोडणारी शाळा’ अशा ओळीसकट.

फेब्रुवारीत बाईंनी खडूचं रिकामं खोकं टेबलावर ठेवलं. प्रत्येकाने वर्गात ऐकलेलं एखादं चिडवायचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. कोण म्हणतं ते लिहायचं नाही, कुणाला म्हणतात तेही नाही. बाईंनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या नाहीत. फळ्यावर रकाने आखले: रंग, चेहरा, भाषा आणि गाव, धर्म, घरची परिस्थिती, जात. आणि एकेक नाव योग्य रकान्यात लिहीत गेल्या. काळ्या. चिंकी. नेपाळी. भैय्या. कामवालीचा. एका धर्माच्या मुलांना पाकिस्तानात धाडणारं एक. आणि जातीच्या रकान्यात ‘कोट्यातला’. त्याखाली आणखी काही, जी मी इथे लिहिणार नाही. ती आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहेत.

त्या दिवशी घरी येऊन मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मी दोन नावं ठेवली होती. दोन्ही फळ्यावर होती.’ आता तो त्या मुलाला नावाने हाक मारतो. दोघं जिवलग मित्र झाले अशी गोष्ट मी रचून सांगणार नाही, ते झालेले नाहीत. नावाने हाक मारतो, एवढंच. तेवढंच त्या मुलाला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात तक्रारी आल्या. ‘मुलांच्या मनात जात भरवली जाते’ ही मुख्य. बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. आणि जूनमध्ये तास गेला.

आता आपल्या तीन कारणांकडे येते.

पहिलं, वेळ नाही. आठवड्याचा एक तास. याच वेळापत्रकात गॅदरिंगच्या तालमींसाठी डिसेंबरचे दोन आठवडे सहज निघतात. यावर अधिक लिहीत नाही.

दुसरं कारण असं सांगितलं गेलं की वंशभेद हा पाश्चात्त्यांचा प्रश्न आहे, तो आपल्या मुलांच्या डोक्यात कशाला घालायचा. हे वाक्य पुण्यात, पेठेतल्या एका सभागृहात, व्यासपीठावरून उच्चारलं गेलं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर भिडे वाड्याची जागा आहे, जिथे १८४८ साली मुलींची शाळा भरली. ज्यांनी ती भरवली त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली कुणाला, तर अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या भल्या लोकांना. समुद्रापलीकडच्या गुलामगिरीचा आणि इथल्या जातीचा संबंध लावायला गंज पेठेत बसलेल्या माणसाला इंटरनेट लागलं नाही. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते आणि त्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हा विषय परका कुठून झाला?

कायद्याच्या बाजूनेही पाहा. वंशभेद निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६५ चा. भारताने तो १९६८ मध्ये स्वीकारला. वंश, वर्ण यांच्याबरोबर ‘जन्माने आलेला वारसा’ या अर्थाचा शब्द त्याच्या व्याख्येत घालावा, ही सूचना भारताचीच होती. नंतर २००१ च्या डर्बन परिषदेत मात्र भारत सरकारने जातीचा प्रश्न वंशभेदाच्या चर्चेत आणायला विरोध केला. यात बरोबर कोण, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि आठवीच्या मुलांतही असायला हरकत नाही. पण त्याच कराराच्या सातव्या कलमात पूर्वग्रहांशी लढायला शिक्षणाचा उपयोग करण्याची जबाबदारी देशांनी घेतलेली आहे. आपल्या संविधानाचं पंधरावं कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द एकाच दमात उच्चारतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सहाव्या प्रकरणात शालेय अभ्यासक्रमात लवकरच्या वयापासून काय यावं याची यादी आहे, तिच्यात सहानुभाव, मानवी हक्क, समता यांच्या जोडीला जागतिक नागरिकत्व नावानिशी आहे. धोरणाच्या अंमलबजावणीवर आपल्याच संस्थेने मे महिन्यात कार्यशाळा घेतली होती, त्या चहापानाला मीही होते.

आणि पुण्याचं काय? १९७१ मध्ये शां. ब. मुजुमदारांनी सिंबायोसिस सुरू केली तीच मुळी वसतिगृहात आजारी पडलेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याचे हाल बघून. परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांवर या शहराने नाव कमावलं, खोल्यांची भाडीही कमावली. ऑगस्ट २०१२ मध्ये याच शहरात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली, अफवा उठल्या आणि पुणे स्टेशनवर घरी पळणाऱ्यांची रीघ लागली. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती देशभरच्या अभ्यासक्रमात यावी, ही तिच्या शिफारशींपैकी एक. २०२० मध्ये त्याच चेहऱ्यांना रस्त्यावर ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. हाका मारणारे कुठल्या ना कुठल्या शाळेत शिकलेलेच होते.

तिसरं कारण पालकांच्या तक्रारी. त्यांना मी उडवून लावत नाही. जातीचा विषय निघाला की वर्गात कुणाकडे माना वळतील, ही धास्ती खरी आहे, आणि ती सगळ्यात जास्त त्याच पालकांना असते ज्यांच्या मुलांनी ते आधी सोसलेलं असतं. अशा एका आईशी मी बोलले. तिला तास बंद व्हायला नको होता. तिला एवढंच हवं होतं की तिच्या मुलीला कुणी उभं करून विचारू नये. बाईंनी असं कुणालाही विचारलेलं नाही. त्या चिठ्ठ्यांची कल्पना पालकांना आधी द्यायला हवी होती, हे माझंही मत आहे आणि मी ते बाईंना तोंडावर सांगितलं आहे. पण जी नावं रोज मधल्या सुट्टीत उच्चारली जातात ती फळ्यावर आली म्हणून फळाच काढून टाकायचा, हे न पटणारं आहे. मुलांच्या मनात जात बाईंनी भरवली नाही. बाईंनी रिकामं खोकं ठेवलं होतं. ते भरलं आपल्या मुलांनी.

‘जागतिक दिना’बद्दलही लिहायलाच हवं, कारण तास काढून तोच दिलासा म्हणून आम्हा पालकांच्या हातात ठेवला आहे. गेल्या जानेवारीत मी प्रेक्षकांत होते. फ्रान्स होतं, इटली होती, स्वित्झर्लंड वेगळं होतं, गळ्यात घंटा बांधलेल्या पुठ्ठ्याच्या गाईसकट. आणि चोपन्न देशांचा अख्खा आफ्रिका खंड मिळून एक मुलगा होता. सुतळीचा घागरा, हातात भाला. तो आफ्रिकेतला नव्हे, आपल्या जुन्नरकडचा. रंगाने सावळा. तालमीत त्याला म्हटलं गेलं होतं, ‘तू आफ्रिका हो, मेकअपचा खर्च वाचेल.’ सगळे हसले होते, तोही हसला होता. हे म्हणणारी व्यक्ती दुष्ट नाही, मुलांवर माया करणारी आहे. म्हणून तर शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मागणी मी खाली करते आहे. तास काढून टाकून नुसता हा दिवस ठेवलात, तर मुलं जगाबद्दल काय शिकतील? पिझ्झा कुठला आणि भाला कुठला, एवढंच.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दिवाळीनंतरच्या सत्रापासून सहावी ते आठवीची ही तासिका वेळापत्रकात पूर्ववत यावी, आणि ती दुसऱ्या विषयाच्या उरलेल्या पोर्शनसाठी उसनी घेतली जाऊ नये.

बाईंकडून मागवलेला खुलासा आपण लेखी मागे घ्यावा. त्यांच्या सेवापुस्तकात या प्रकरणाची नोंद नसावी.

वर्गात कुठल्याही मुलाला त्याची जात, धर्म किंवा घरची परिस्थिती सांगायला लावली जाणार नाही, असा नियम लिहून काढावा, आणि सत्राच्या सुरुवातीला विषयांची यादी पालकांना द्यावी. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी तो सभेत मांडावा. कार्यालयात निनावी पत्र टाकण्यापेक्षा ते बरं.

रंग, चेहरा, जात, भाषा यांवरून चिडवल्याची तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव प्रत्येक वर्गात लावावं. ‘भांडण मिटवा आणि हात मिळवा’ एवढ्यावर ती तक्रार संपू नये. मणिपूरच्या त्या मुलाने एकदा तक्रार केली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्याला माझ्या मुलाशी हात मिळवायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून तो पुन्हा मोमो.

सर्व शिक्षकांसाठी, शिपाई आणि बसच्या मावशींसहित, वर्षातून एकदा या विषयाचं प्रशिक्षण व्हावं. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम पाहणारी राज्याची एस. सी. ई. आर. टी. आणि बालभारती दोन्ही याच शहरात आहेत. माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आणि ‘जागतिक दिन’ ठेवायचाच असेल तर वेशभूषा बाजूला ठेवून पुण्यात राहणाऱ्या, बाहेरून आलेल्या दोनचार जणांना बोलवा. त्या मुलाच्या वडिलांपासून सुरुवात करता येईल, त्यांना सुट्टी सोमवारी असते. त्यांना स्वयंपाक करायला सांगू नका. बोलायला सांगा.

मंडळाची पुढची बैठक सप्टेंबरच्या अखेरीस आहे, असं कार्यालयातून कळलं. हा विषय त्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि निर्णय, होकार असो वा नकार, कारणांसह लेखी कळवावा. बैठकीत मला पाच मिनिटं दिलीत तर मी येईन. मुलालाही आणेन, त्याच्या शुक्रवारच्या वहीवर चर्चा करायची तर तो तिथे असलेला बरा. आम्ही काही पालक या मागण्यांवर सह्या गोळा करत आहोत. बैठकीच्या आधी ती पानं कार्यालयात जमा करू, या वेळीही पोचपावती घेऊ.

आपली नम्र,
इयत्ता आठवीतल्या एका विद्यार्थ्याची आई
पुणे